'भाई कान्हसिंग नाभा' : यातलं नाव कोणतं आणि मान कोणता?

प्रश्न थोडक्यात असा आहे: "भाई काहन सिंग नाभा या दिवंगत पंजाबी लेखकाच्या आणि शीख विद्वानाच्या स्मरणार्थ निघणाऱ्या एका पुस्तिकेचं मराठी माझ्याकडे आलंय. नावाआधीच्या 'भाई'चं काय करू? 'बंधू' किंवा 'भाऊ' करू, त्याऐवजी 'श्री.' लावू, की सरळ गाळून टाकू? आपल्याकडे 'भाई' म्हटलं की लोकांना भलतंच काहीतरी आठवतं."

'भाई' ठेवा. भाषांतर नको, 'श्री.' तर नकोच. पण तुम्ही विचारलं नाही ते आधी सांगतो, कारण खरा घोळ तिथे आहे. 'काहन' आणि 'नाभा' या दोन्ही शब्दांना अजून हात लावायला हवा.

भाई हा शब्द आपल्याला परका नाही. प्राकृतात भ्रातृचे 'भाइ' आणि 'भाउ' असे दोन अवतार झाले. हिंदी-गुजरातीने पहिला उचलला, आपण दुसरा. म्हणून हिंदीत भाईदूज, इकडे भाऊबीज. पंजाबीत मात्र सख्ख्या भावाला रोजच्या बोलण्यात 'भरा' म्हणतात, बहीण त्याला 'वीर' म्हणून हाक मारते. नात्याचं ओझं या दोन शब्दांनी उचलल्यामुळे 'भाई' मोकळा झाला आणि शीख परंपरेत तो मानाचा शब्द म्हणून रुळला. गुरू नानकांसोबत रबाब वाजवत फिरलेले मर्दाना जन्माने मुसलमान, पण ते भाई मर्दाना. १६०४ साली सिद्ध झालेल्या आदिग्रंथाची, म्हणजे शिखांच्या धर्मग्रंथाची, प्रत ज्यांनी लिहून काढली ते भाई गुरदास. रणांगणात आपला-परका न बघता जखमींना पाणी पाजणारे भाई कन्हैया. फारसीत कविता करणारे भाई नंदलाल. आजही गुरुद्वारात ग्रंथ वाचणाऱ्या ग्रंथींना आणि कीर्तन गाणाऱ्या रागींना आदराने 'भाई साहिब' म्हणतात.

म्हणजे हा जन्मावरून मिळणारा किताब नाही आणि परीक्षा देऊनही मिळत नाही. ज्ञान, सेवा, आचरण बघून लोक म्हणू लागतात, आणि मग तो नावाला कायमचा चिकटतो. कैथलचे संस्थानिक तर राजा असूनही 'भाई' लावत. भाई जोधसिंगांचं उदाहरण मला सगळ्यांत बोलकं वाटतं. गणितातले एम.ए., पुढे पतियाळाच्या पंजाबी विद्यापीठाचे पहिले कुलगुरू. डझनभर बिरुदं लावता आली असती, पण लोकांच्या तोंडी शेवटपर्यंत भाई जोधसिंगच. अर्थात प्रत्येक शीख लेखक भाई नसतो. त्याच काळातले पूरनसिंग 'प्रोफेसर', तेजासिंग 'प्रिन्सिपल', दित्तसिंग 'ग्यानी'. कॉलेजं निघाली तशी कॉलेजातली पदंही नावाआधी येऊन बसली.

हा 'ग्यानी' आपल्या ओळखीचा आहे. राष्ट्रपती झालेले झैलसिंग मराठीतही 'ग्यानी झैलसिंग' म्हणूनच रुळले, आणि ते योग्यच झालं. मराठी 'ज्ञानी' म्हणजे शहाणा, समंजस. पंजाबी 'गिआनी' म्हणजे धर्मग्रंथांचा अर्थ सांगू शकणारा, ते शिक्षण घेतलेला. ग्यानीचं भाषांतर आपण केलं नाही, मग भाईचं कशाला करायचं?

'भाऊ' करण्यात आणखी एक गंमत आहे. अमृतसर-तरनतारनच्या बाजूला, ज्या भागाला माझा म्हणतात (हा माझा आपल्या 'माझं-तुझं'मधला नव्हे, 'मध्य'वरून आलेला), तिथे 'भाऊ' हा शब्द अगदी याच रूपात हाक मारायला वापरतात. इतर पंजाबी मंडळी त्यावरून माझावाल्यांना 'भाऊ' म्हणून चिडवतातही. 'भाऊ कान्हसिंग' वाचलं तर पंजाबी माणसासमोर शीख विद्वान नाही, माझातला कोणी रांगडा गडी उभा राहील.

आता आपल्या वाचकाच्या मनात काय उभं राहील, हा तुमचा मुद्दा. मुंबईचा सिनेमातला भाई आहेच, पण मराठीत तो एकटा नाही. शेतकरी कामगार पक्षात 'भाई' कॉम्रेडच्या तोलाचा: भाई उद्धवराव पाटील, सांगोल्याचे भाई गणपतराव देशमुख. सांगोल्याच्या कोणत्याही जुन्या माणसाला 'भाई' म्हणजे दादागिरी असं वाटणार नाही. पु. ल. घरच्यांचे भाई. गुजरातीत तो नावाच्या शेपटाला जोडून येतो, वल्लभभाई. पंजाबीत नावाच्या आधी, सुटा. जागा बदलली की जात बदलते, एवढं वाचकाला कळतं. पहिल्या उल्लेखाला अर्ध्या ओळीत खुलासा करा आणि पुढे चला.

आता 'काहन'कडे. रोमन लिपीत त्यांचं नाव के-ए-एच-एन असं लिहिण्याची पद्धत पडली. त्यावरून कोणी 'काहन' करतं, कोणी 'कहन'. एका स्मरणिकेची मुद्रितं तपासताना मी 'भाई खान सिंग' असंही पाहिलंय. कुणा उत्साही माणसाने 'दुरुस्ती' केली होती. गुरुमुखीत, म्हणजे पंजाबीच्या लिपीत, 'न'च्या पायाशी छोटा 'ह' लावतात: कान्ह. म्हणजे आपला कान्हा, कान्होबा, कान्होपात्रा यांतला कान्ह. मराठीला हा 'न्ह' जन्मापासून येतो. इंग्रजीच्या वाटेने जाऊन तो मोडून आणायची काही गरज नाही. आडनावासारखा येणारा शब्द गुरुमुखीत 'सिंघ' आहे, पण भगतसिंग आपल्याकडे इतके मुरलेत की 'सिंग' जोडून लिहायला माझी हरकत नाही. कान्हसिंग.

आणि 'नाभा' हे आडनाव नाहीच. नाभा हे पतियाळाजवळचं गाव, एकेकाळचं संस्थान. ते तिथे वाढले, तिथल्या दरबारात राहिले, युवराज रिपुदमनसिंगांना त्यांनी शिकवलं. पंजाबीत गावाचं नाव जसंच्या तसं मागे लावतात, आपण 'कर' लावतो तिथे. त्यामुळे "नाभा म्हणतात की..." हे वाक्य "सातारा म्हणतात की..." याच्या पंगतीतलं आहे. नाभ्याचे कान्हसिंग, एवढाच त्याचा अर्थ. सूचीत त्यांना 'क'खाली घाला, 'न'खाली नको.

एवढा कीस काढतोय, कारण माणूसच तसा होता. १८६१ चा जन्म, १९३८ साली निधन. शाळा-कॉलेजची पायरी न चढता घरी, पंडितांकडे, मौलवींकडे शिकलेले. 'हम हिंदू नहीं' हे १८९८ चं त्यांचं पुस्तक आजही वादात ओढलं जातं, त्यामुळे कोशकार कान्हसिंग जरा झाकले जातात. मॅकॉलिफ या इंग्रजी अंमलातल्या अधिकाऱ्याने शीख धर्मावर सहा खंड लिहिले (१९०९), त्यामागेही यांची बरीच मेहनत आहे. पण खरं आयुष्य गेलं ते 'गुरुशबद रत्नाकर महान कोश' यात. १९१२ साली हात घातला, १९२६ उजाडलं तेव्हा काम आवरलं, आणि १९३० साली पतियाळा दरबारच्या खर्चाने चार खंडांत छापून झालं. चौसष्ट हजारांहून जास्त नोंदी. धर्मग्रंथांतले शब्द तर आहेतच, शिवाय गावं, माणसं, झाडपाला, रागरागिण्या, छंद, शस्त्रं.

हा कोश मी पहिल्यांदा हातात घेतला तेव्हा 'सरदार' शोधायला सवयीने शेवटाकडची पानं उलटू लागलो. आपल्याकडे 'स' शेवटाकडे. तिथे तो मिळेना. गुरुमुखीची वर्णमाला ऊड़ा, ऐड़ा, ईड़ी या तीन स्वरवाहक अक्षरांनी सुरू होते, लगेच सस्सा, मग हाहा, आणि त्यानंतर कुठे कक्का. म्हणजे सरदार जवळपास दारातच उभा होता आणि मी परसात शोधत होतो. अलीकडे या कोशाच्या नव्या छापील आणि अनुवादित प्रतींतल्या चुकांवरून पंजाबात मोठा गदारोळ झाला. अशा माणसाच्या स्मरणपुस्तिकेत त्याचंच नाव चुकावं, हे बरं दिसत नाही.

जाता जाता, याची उलटी बाजूही बघा. गुरू ग्रंथसाहिबात आपल्या नामदेवांची ६१ पदं आहेत. "ईभै बीठलु ऊभै बीठलु" म्हणत विठ्ठल तिथेही इकडेतिकडे भरून उरलाय. पंजाब त्यांना 'भगत नामदेव' म्हणतो. हे मराठीत जसंच्या तसं आणलं तर कोकणातला किंवा आदिवासी पाड्यावरचा वाचक दचकेल, कारण त्याचा भगत अंगातलं भूत उतरवतो. तिथे मी बिनदिक्कत 'संत' लिहीन. माणूस ज्यांचा, त्यांनी त्याला जी हाक मारली ती ठेवायची, हा माझा हिशोब. नामदेव आपलेही आहेत, म्हणून तिथे आपली हाक चालते.

राहिला 'बरसी'. तुमच्या मूळ मजकुरात तो शब्द असणारच. त्याचं 'वर्षश्राद्ध' करू नका. ते आपल्याकडे पहिल्या वर्षाचं, आणि विधीचं. 'स्मृतिदिन' पुरे. मुखपृष्ठावर 'भाई कान्हसिंग नाभा' पूर्ण, आत नुसतं 'कान्हसिंग', आणि वारंवारिता खटकली तर मधूनमधून 'भाईसाहेब'. फक्त त्या 'भाईसाहेब'वर मुद्रितशोधकाची लेखणी चालणार नाही, याची तेवढी काळजी घ्या.