लकव्यानंतर करंटचं मशीन लावतो, मुंग्या येतात पण बोटं उघडत नाहीत. काय चुकतंय?

तुम्ही लिहिलंय की आईंना चार महिन्यांपूर्वी लकवा झाला, उजवी मूठ मिटलेलीच असते आणि दवा बाजारातून आणलेलं टेन्सचं मशीन रोज वीस मिनिटं लावता. टेन्स दुखणं दाबायला असतं. मुंग्या आणणं एवढंच त्याचं काम, आणि ते ते करतंय. बोटं उघडायला मसल स्टिम्युलेटर, म्हणजे स्नायू आकुंचन पावायला लावणारं मशीन लागतं. पण लगेच दुकानात धावू नका; बऱ्याच टेन्समध्ये स्नायू हलवणारा ईएमएस मोड असतो, तो आहे का ते आधी बघा.

पेसमेकर, फिट्स येणं किंवा त्या हातात रक्ताची गुठळी यातलं काही असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय मशीन लावूच नका.

सेटिंग: 30 ते 40 हर्ट्झ, पल्स 250 ते 300 मायक्रोसेकंद, 5 सेकंद चालू, 15 सेकंद बंद, करंट चढायला 2 सेकंद. मशीनवर फॅराडिक आणि गॅल्व्हॅनिक अशी दोन बटणं असतील तर फॅराडिक घ्या. लकव्यात बिघाड मेंदूत असतो, हाताची नस (मज्जातंतू) शाबूत असते. गॅल्व्हॅनिक नस तुटलेल्या स्नायूंसाठी आहे, त्यानं कातडी भाजूही शकते.

खरी गोम पॅडच्या जागेत आहे. हात उशीवर पालथा ठेवा. एक पॅड कोपराच्या बाहेरच्या हाडापासून चार बोटं खाली, दुसरा मनगटाच्या चार बोटं वर, दोन्ही पालथ्या बाजूला मधोमध. करंट हळूहळू वाढवा. मनगट अंगठ्याकडे वाकडं उचललं जात असेल तर कोपराजवळचा पॅड एक सेंटिमीटर करंगळीच्या बाजूला सरकवा. मनगट उठतंय पण बोटं आणखीच मिटतायत? मग एक तर करंट तळहाताकडच्या स्नायूंत शिरतोय (कमी करा, लहान पॅड वापरा), नाही तर बोटं मिटणारे स्नायू आखडलेत. आखडले असतील तर मशीनआधी मनगट खाली वाकवून बोटं सरळ करा आणि ती तशीच धरून मनगट सावकाश वर आणा. ओढाताण नको. बोटं नीट उघडणारी जागा सापडली की पॅडभोवती बॉलपेननं रेघ मारून ठेवा, रोजची शोधाशोध वाचते.

तेलमालिश नंतर. तेलकट कातडीवर पॅड कडेनं सुटतो, सगळा करंट उरलेल्या भागातून जातो आणि टोचतो. जेल सुकलेल्या पॅडचंही तेच. त्या हाताला स्पर्श कमी कळत असेल तर आईंच्या ‘दुखत नाही’वर जाऊ नका, पॅड काढून कातडी बघा. अर्ध्या तासात न उतरणारी लाली दिसली तर त्या जागी पुन्हा लावू नका.

सगळ्यात जास्त चुकतं ते वेगळंच. मशीन लावून टीव्ही सुरू करतात. करंट चढायला लागला की “आई, उघड” म्हणा, त्यांनी मनापासून जोर लावायलाच हवा, बोट हललं नाही तरी. थोडं उघडायला लागलं की समोर रिकामी वाटी ठेवा: करंट असताना मूठ उघडून तिच्यावर न्यायची, बंद झाला की धरायची, पुढच्या करंटला सोडायची.

सुरुवातीला 15 मिनिटं, दिवसातून दोनदा. दहाव्या मिनिटाला बोटं कमी उघडू लागली तर स्नायू थकलाय. करंट वाढवू नका, तिथेच थांबा. पॅडची जागा एकदा इंदूरच्या एम.वाय. रुग्णालयात किंवा घराजवळच्या फिजिओथेरपिस्टकडून पक्की करून घ्या, आणि तिथेच मोबाइलवर फोटो काढून ठेवा.