अण्णाभाऊ साठेंच्या नावाने लोककला महोत्सव करायचा, तर त्यात काय असावं?

भाषणं आणि ऑर्केस्ट्रा सोडून दोन दिवस कसे भरायचे, असं तुम्ही विचारलंय. आम्ही तालुक्याच्या गावी चार वर्षं हा उद्योग करतोय. त्यातली पहिली दोन वर्षं आम्हीही भाषणं आणि ऑर्केस्ट्राच केला, त्यामुळे ठेच खाऊन सांगतोय.

पहिल्या वर्षी व्यासपीठावर एकवीस खुर्च्या होत्या. हारतुरे आटपेस्तोवर साडेनऊ वाजले आणि शाहिराच्या वाट्याला वीस मिनिटं आली. त्यानं अण्णाभाऊंची 'माझी मैना गावावर राहिली' ही छक्कड, म्हणजे लावणीच्या अंगाची रचना, घेतली, मैनेच्या रूपाचं वर्णन झालं, शिट्ट्या पडल्या, वेळ संपली. खरी छक्कड तर पुढेच होती! मुंबईला पोट भरायला गेलेला गडी मैनेची आठवण काढता काढता तिथली गरिबी-श्रीमंती सांगतो आणि शेवटी संयुक्त महाराष्ट्रावर येतो. जशी मैना दुरावली, तशीच गत खंडित महाराष्ट्राची, म्हणून बेळगाव, कारवार, निपाणीची नावं येतात. तेवढं गाळलं की उरतं निव्वळ प्रेमगीत. शाहिराला आधीच सांगा, छक्कड पुरी गायची. वेळ कमी पडली तर पाहुणा कापा.

दुसरं, अण्णाभाऊंची लोकनाट्यं करा. १९४४ साली शाहीर अमर शेख आणि द. ना. गवाणकरांबरोबर त्यांचं लाल बावटा कलापथक उभं राहिलं, ते चौकात आणि चाळीच्या अंगणात खेळ करायचं. नेपथ्य जवळजवळ नाहीच, त्यामुळे कॉलेजची पोरंही हे सहज उचलतात. आम्ही 'माझी मुंबई' घेतलं होतं. मुंबई कुणाची, राबणाऱ्याची की पैसेवाल्याची, हा त्यातला वाद. गणाकडे, म्हणजे सुरुवातीच्या वंदनाकडे, मात्र लक्ष द्या. तमाशात गण गणपतीचा असतो. अण्णाभाऊंनी तिथे मायभूमीला आणि शिवबाला वंदन केलं. आमच्या दिग्दर्शकानं सवयीनं नेहमीचाच गण घातला, तालमीत एका म्हाताऱ्या ढोलकीवाल्यानं चूक पकडली. आम्ही सगळे शिकलेले, पण माहीत त्यालाच होतं.

दुपारच्या सत्राला कथा वाचा. 'फकिरा' सगळ्यांना माहीत असते, पण कादंबरी तासाभरात मावत नाही. 'स्मशानातील सोनं' मावते. खाण बंद पडल्यावर भीमा नावाचा तगडा गडी राखेत, मढ्यात सोनं शोधायला लागतो, अशी ती गोष्ट. शेवट इथे सांगत नाही. दोन चांगले वाचक घ्या, पार्श्वसंगीत अजिबात नको. आमच्याकडे ती संपल्यावर चहाला उठायचं कुणाला सुचलं नव्हतं.

आता तारखेचं. जयंती १ ऑगस्टला, स्मृतिदिन १८ जुलैला, म्हणजे दोन्ही ऐन पावसात. मैदानाचा नाद सोडा, मंगल कार्यालय किंवा शाळेचा हॉल धरा. याच तारखांचा एक फायदा आहे. तमाशा फडांचा हंगाम साधारण दसऱ्यापासून बुद्धपौर्णिमेपर्यंत चालतो, पावसाळ्यात कलावंत घरीच असतात. सोंगाड्या, ढोलकीवाला, तुणतुणेवाला, सगळे मिळतात. पण घरी बसलेत म्हणून स्वस्तात बोलावू नका. तेव्हाच त्यांच्या हाताला पैसा नसतो. बिदागी आधी ठरवा, कार्यक्रम संपल्या संपल्या हातात ठेवा, आणि शाल-श्रीफळ हे बिदागीत धरू नका. आम्ही चौथ्या वर्षी स्मरणिका बंद करून तो पैसा इकडे वळवला. जाहिरातदार थोडे रुसले.

वाटेगावला, अण्णाभाऊंच्या जन्मगावी, जमलं तर आधी एक चक्कर मारून या. चार पोरं घेऊन गेलात तर उत्तम. आमच्या मुलांना 'गावावर राहिली' म्हणजे काय, हे तिथे गेल्यावर कळलं. त्या गावातून अण्णाभाऊंचं कुटुंब पायी मुंबईला गेलं होतं, हे एकदा सांगा आणि मग नकाशा दाखवा.

आणि हो, पावसाळी हवेत हलगीचं कातडं सैल पडतं, आवाज भदभद येतो. शेकायला मागच्या बाजूला शेगडी लागते. हॉलवाल्याला आधी विचारून ठेवा, नाहीतर आमच्यासारखं होईल: शाहीर मंचावर उभा आणि हलगीवाला रस्त्यापलीकडे भज्यांच्या गाडीवर.