‘प्रिसाइस’ म्हणजे अचूक नव्हे

तुमचा प्रश्न वाचला. सिन्नरहून डिप्लोमा करून नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात क्वालिटीच्या जागेसाठी मुलाखतीला गेलात. तिथे विचारलं, “तुमची प्रोसेस प्रिसाइस आहे, पण ॲक्युरेट नाही. काय कराल?” घरी येऊन शब्दकोश उघडलात, तर दोन्ही शब्दांपुढे ‘अचूक’. ‘एक्झॅक्ट’पुढेही तेच. मग प्रश्नाला अर्थ काय उरला, असं तुम्ही विचारलंय. तुमचा गोंधळ अगदी रास्त आहे. दोष त्या एकाच प्रतिशब्दाचा आहे. मी सातपूर-अंबड पट्ट्यात सत्तावीस वर्षं मोजमापाचं काम केलंय, तेव्हा जरा सविस्तर लिहितो.

सुरुवातीच्या वर्षांतली गोष्ट. आम्ही ४०० पिना बनवल्या होत्या. ड्रॉइंगवर माप होतं २५ एच७, छोटा एच. म्हणजे व्यास २५.००० मिमीच्या वर जायचा नाही आणि २४.९७९च्या खाली उतरायचा नाही. आमच्या मायक्रोमीटरवर (बारीक मापं घ्यायचं साधन) प्रत्येक पिन २४.९९ दाखवत होती. एकसारखा लॉट निघाला म्हणून सगळे खूश होते. ग्राहकाकडे पोचल्यावर त्यांच्या मोजणीत सगळ्या पिना २४.९५८ ते २४.९६२च्या दरम्यान निघाल्या. चारशेच्या चारशे परत. काढलेलं मटेरियल पुन्हा चिकटवता येत नाही, म्हणून सगळा माल भंगारात गेला.

कारण शोधायला पाच मिनिटं लागली. मायक्रोमीटरची दोन्ही तोंडं पुसून मिटवली तर शून्याऐवजी ०.०३ येत होतं. कधीतरी तो टेबलावरून पडला असावा. खरं माप म्हणजे वाचन वजा ही शून्याची चूक, २४.९९ वजा ०.०३, म्हणजे २४.९६. सकाळी शिफ्टला तो एकदा मिटवून बघितला असता तर ४०० पिना वाचल्या असत्या. शून्य तपासायचं काम माझं होतं, आणि त्या दिवशी ते राहिलं होतं.

आता त्या लॉटकडे नीट बघा. चारशे पिनांमधला आपसातला फरक फक्त ४ मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचे चार हजारांश. मशीन तेच तेच माप पुन्हा पुन्हा देत होतं, याला म्हणतात प्रिसाइस. पण ते माप हव्या असलेल्या मापापासून तीन शतांश मिलिमीटर सरकलेलं होतं, म्हणून ॲक्युरेट नाही. मुलाखत घेणाऱ्याने तुम्हाला नेमकी हीच अवस्था विचारली होती.

उत्तर असं द्यायचं: पसारा, म्हणजे मापांमधला आपसातला फरक, कमी आहे; तेव्हा मशीन चांगलं आहे. सरकलंय फक्त केंद्र. आधी मोजायचं साधन तपासेन, शून्य बघेन, स्लिप गेजवर (ठरलेल्या मापाचे ठोकळे) पडताळेन. साधन बरोबर असेल तर टूल ऑफसेट, म्हणजे मशीनमध्ये नोंदवलेली टूलची जागा, तेवढा सरकवेन. हे तासाभराचं काम आहे. त्यांनी पुढे आकड्यांचं विचारलं तर सांगा की प्रोसेसची क्षमता दाखवणाऱ्या दोन आकड्यांपैकी अशा वेळी सीपी चांगला येतो आणि सीपीके पडतो. सीपी फक्त पसारा बघतो, सीपीके पसाऱ्याबरोबर केंद्रही बघतो.

उलट प्रकार जास्त त्रासाचा. जुन्या लेथवर त्याच २५ एच७ मापाचे चार जॉब, म्हणजे घडवलेले भाग, निघाले: २४.९७, २५.०१, २५.००, २४.९८. सरासरी येते बरोबर २४.९९, पण चारातले दोन नापास. इथे ऑफसेट हलवून काही होत नाही. बेअरिंग, स्लाइडमधला प्ले (सैलपणा), जॉबची पकड, टूलची पकड असं एकेक शोधत बसावं लागतं. सरासरी बरोबर आली म्हणून असा लॉट पास करणारे मी पाहिलेत. कृपा करून तसं कधी करू नका. ग्राहक सरासरी विकत घेत नाही, तो एकेक पिन बसवतो.

एक बारकावा. आयएसओ ५७२५ या १९९४च्या मानकात सरासरी खऱ्या मापाच्या किती जवळ आहे याला ‘ट्रूनेस’ म्हटलंय, आणि ‘ॲक्युरसी’त ट्रूनेस व प्रिसिजन दोन्ही धरलेत. बोलताना मात्र बहुतेक जण ट्रूनेसलाच ॲक्युरसी म्हणतात. ऑडिटच्या कागदात मानकाचा अर्थ धरा.

तापमानाचंही लक्षात ठेवा. मापं २० अंश सेल्सिअसला धरलेली असतात. १०० मिमीचा पोलादी जॉब २० अंशांनी जास्त गरम असेल तर साधारण २३ मायक्रॉन वाढतो. नाशिकच्या मे महिन्यात शेडमध्ये, मशीनवरून नुकत्याच उतरवलेल्या जॉबला एवढा फरक सहज पडतो. दहा वेळा मोजा, दहाही वेळा तेच वाचन येईल आणि दहाही वेळा ते चुकीचं असेल. सरासरी काढून ही चूक जात नाही, कारण ती एकाच दिशेची आहे.

आता मराठी. मी स्वतः दोन शब्द वेगळे ठेवतो आणि तुम्हीही ठेवा असा आग्रह आहे. ॲक्युरेटला ‘अचूक’ किंवा ‘बिनचूक’. त्यात ‘चूक’ आहे, म्हणजे खऱ्या-खोट्याचा प्रश्न आहे. प्रिसाइसला ‘काटेकोर’. आमच्या पिना काटेकोर होत्या, अचूक नव्हत्या. हे वाक्य मराठीत किती सरळ उभं राहतं बघा! सराफ बाजारातला काटा आठवा. प्रत्येक वेळी एकाच जागी थांबणारा काटा काटेकोर आहे. पण रिकाम्या पारड्यालाच तो सरकलेला असेल तर गिऱ्हाईक प्रत्येक वेळी तेवढंच नागवलं जाईल.

बोलण्या-लिहिण्यात प्रिसाइसला आणखी एक छटा आहे, त्याला ‘नेमका’ शोभतो. नाशिक-मुंबई रस्त्याचं अंतर ‘साधारण १७० किलोमीटर’ म्हणालात तर ते नेमकं नाही, पण चुकीचंही नाही. ‘१४३.२७ किलोमीटर’ म्हणालात तर अगदी नेमकं आणि साफ चूक. दशांशानंतरचे आकडे बघून माणसं फसतात. ०.०२ मिमी लीस्ट काउंटच्या (म्हणजे त्याहून बारीक माप न दाखवणाऱ्या) व्हर्नियरने मोजून कॅल्क्युलेटरवरचं ८.३३३३ रिपोर्टात उतरवलेलं दिसलं की मी तो रिपोर्ट परत पाठवतो. तेवढं बारीक त्या व्हर्नियरला दिसतच नाही.

मुळं लॅटिन आहेत, आणि ती कळली की फरक विसरत नाही. ॲक्युरेटच्या मुळाशी ‘कुरा’, म्हणजे काळजी. काळजी घेऊन केलेलं. प्रिसाइसच्या मुळाशी कापणं आहे; जादाचं छाटून टाकलेलं. शाळेत सारांशलेखनाला ‘प्रेसी रायटिंग’ म्हणायचे, तो प्रेसी याच घरातला.

‘एक्झॅक्ट’ या दोघांपेक्षा कडक. तिथे फरकाला जागाच नाही. बरण्या मोजल्या आणि १२ निघाल्या, तर १२ ही एक्झॅक्ट संख्या. मोजलेली लांबी मात्र कधी एक्झॅक्ट नसते, ती अमुक मर्यादेत ॲक्युरेट असते. मराठीत याला एक शब्द शोधू नका, जागेप्रमाणे बदला. वेळ असेल तर ‘ठीक नऊ वाजता’ किंवा ‘नवाच्या ठोक्याला’, नक्कल असेल तर ‘हुबेहूब’, कुणाचे शब्द असतील तर ‘जसेच्या तसे’, जुळणी असेल तर ‘तंतोतंत’.

तुमच्या बायोडेटातलं ‘आय डू व्हेरी एक्झॅक्ट वर्क’ बदला. कामाला ‘ॲक्युरेट’ म्हणतात, मशीनिंगला ‘प्रिसिजन’. ‘एक्झॅक्टिंग’ हा आणखी वेगळा, त्याचा अर्थ फार कडक अपेक्षा ठेवणारा. साहेब एक्झॅक्टिंग असू शकतो. नकाराच्या शब्दांतही घोळ करू नका: ‘इनॲक्युरेट’ म्हणजे चुकीचं, ‘इम्प्रिसाइस’ म्हणजे मोघम. मोघम रिपोर्टाला मेलमध्ये इनॲक्युरेट लिहिलंत तर समोरच्यावर चुकीचा आरोप होतो, आणि तो दुखावतो.

शेवटचं, उच्चाराचं विचारलंत म्हणून. आपण सर्रास ‘प्रिसाइज’ म्हणतो. शेवटी ज नाही, स आहे: प्रिसाइस. लिहिताना मीही रुळलेलं ‘ॲक्युरेट’च लिहितो, पण बोलताना शेवट ‘रेट’ नाही, आखूड ‘रट’. आणि ‘एक्झॅक्ट’ची सुरुवात ‘इग्झ’ अशी. पुढची मुलाखत कधी आहे ते कळवा. त्याआधी एकदा कॉलेजच्या लॅबमध्ये जाऊन मायक्रोमीटर पुसून, मिटवून त्याचं शून्य हाताने तपासून या.