परकीय थेट गुंतवणूक आली की सरकार कंपनीच्या मुठीत जातं का?

तुमच्या प्रश्नाचं उत्तर दोन गोष्टींवर अवलंबून आहे: पैसा कोणत्या धंद्यात आला आणि सह्या होऊन किती वर्षं झाली.

सह्यांआधी पारडं कंपनीचं जड असतं. ती शेजारच्या देशात जाऊ शकते, म्हणून सरकार करमाफी आणि स्वस्त जमीन देऊन बसतं. पण एकदा खाण खणली किंवा पाइपलाइन टाकली की ती उचलून नेता येत नाही. मग पुढचं सरकार रॉयल्टी वाढवून मागतं. अमेरिकी अर्थतज्ज्ञ रेमंड व्हर्नन यांनी १९७१ मध्ये हेच मांडलं होतं: सौदा शिळा होत जातो. तयार कपड्यांच्या कारखान्यांत असं होत नाही. शिलाई यंत्रं हलवायला वेळ लागत नाही, त्यामुळे तिथे सरकार नंतरही नमतंच घेतं.

खाणवाल्यांना हा धोका ठाऊक असतो. म्हणून ते करारात 'स्थिरता कलम' घालून घेतात: मुदतीत कर किंवा नियम बदलले तर एकतर ते कंपनीला लागू नाहीत, नाहीतर भरपाई द्यायची. लाचखोरीची चर्चा खूप होते, पण माझ्या मते जास्त खोल परिणाम या कलमाचा आहे. आज सही करणारा मंत्री वीस वर्षांनंतरच्या मतदारांचे हात बांधून ठेवतो.

शिवाय द्विपक्षीय गुंतवणूक करार, म्हणजे एकमेकांच्या गुंतवणूकदारांना संरक्षण देणारा दोन देशांमधला करार असला, तर कंपनी थेट आंतरराष्ट्रीय लवादाकडे जाऊ शकते. बलुचिस्तानातल्या रेको डिक इथला खाणपट्टा नाकारल्याबद्दल २०१९ मध्ये पाकिस्तानला ५ अब्ज डॉलरहून जास्त भरपाई ठोठावली गेली. कंपनीने तोवर घातले होते सुमारे २२ कोटी डॉलर. लवादाने भविष्यातला नफा धरला, म्हणून आकडा एवढा फुगला. सिगारेटच्या पाकिटांवरील इशाऱ्यांवरून फिलिप मॉरिस या तंबाखू कंपनीने घातलेला खटला उरुग्वे जिंकला, पण त्यात २०१० ते २०१६ अशी सहा वर्षं गेली. एवढी टांगती तलवार दिसली की दुसऱ्या देशांचं अर्थखातं कायद्याचा मसुदाच मागे ठेवतं. हा परिणाम कुठल्याच आकडेवारीत दिसत नाही.

एखाद्या देशाबद्दल अंदाज बांधायचा असेल तर गुंतवणुकीची रक्कम नंतर बघा. आधी स्थिरता कलमाची मुदत, लवादाचं ठिकाण आणि देश गुंतवणूक करारातून बाहेर पडल्यावर कंपन्यांचं संरक्षण किती वर्षं टिकतं, हे वाचा. शेवटचं कलम हमखास नजरेतून सुटतं. इटली २०१६ मध्ये ऊर्जा सनद करारातून, म्हणजे ऊर्जा क्षेत्रातल्या गुंतवणुकीला संरक्षण देणाऱ्या बहुराष्ट्रीय करारातून बाहेर पडली, पण त्यात बाहेर पडल्यानंतरही जुन्या गुंतवणुकीला २० वर्षांचं संरक्षण होतं. २०१७ मध्ये एका तेल कंपनीने तिच्यावर दावा ठोकलाच.