क्लिओपात्रा शय्येवरच का दिसते?

प्रश्न : युरोपीय चित्रांच्या पुस्तकांत क्लिओपात्रा बहुधा अर्धवस्त्रांत पहुडलेली, नाहीतर छातीशी साप धरून प्राण सोडताना दिसते. तिने तर एकवीस वर्षे इजिप्तवर राज्य केले. ते या चित्रकारांना ठाऊक नव्हते काय? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : ठाऊक होते, म्हणूनच हा प्रश्न महत्त्वाचा आहे. तिच्यानंतर शंभराहून अधिक वर्षांनी लिहिणाऱ्या प्लुटार्क या ग्रीक चरित्रकाराचे ग्रंथ सुशिक्षित युरोपीयांच्या वाचनात होते. तिचे रूप अतुलनीय नव्हते, मोहिनी होती ती तिच्या बोलण्यात, अनेक परकीयांशी ती दुभाष्यावाचून बोले आणि मृत्यूनंतर ती राजवस्त्रांत आढळली, असे तो लिहितो. सर्पदंशाच्या खुणा दंडावर होत्या, असेही एक वृत्त तो देतो. असे असूनही १७व्या शतकात इटालियन चित्रकार ग्विदो रेनीने तो साप तिच्या उघड्या छातीशी नेला.

या चित्रणाचे मूळ रोमच्या राजकारणात आहे. इ.स.पू. ३२ मध्ये रोमचा नेता ऑक्टेव्हियन (पुढचा सम्राट ऑगस्टस) याने युद्ध पुकारले ते त्याचा रोमन प्रतिस्पर्धी आणि क्लिओपात्राचा साथीदार अँटनी याच्याविरुद्ध नव्हे, तर क्लिओपात्राविरुद्ध. कारण घरची यादवी झाकायला परकी मोहिनी सोयीची होती.

फ्रेंच चित्रकार अलेक्झांद्र काबानेलचे १८८७चे चित्र मात्र जरा थांबून पाहावे. क्लिओपात्रा मंचकावर रेलली आहे, पायाशी बिबट्या आहे, दासी पंखा घेऊन उभी आहे आणि दूरवर विषप्रयोग झालेला कैदी तळमळत असताना दुसऱ्याला उचलून नेले जात आहे. कैद्यांवर विष पारखल्याची कथा प्लुटार्कचीच. पण चित्रकाराने तिच्या सगळ्या कारकिर्दीतून नेमका हाच प्रसंग उचलला. पूर्वेकडील सत्ता म्हणजे विलास आणि क्रौर्य, ही समजूत साम्राज्ये पसरवणाऱ्या तत्कालीन युरोपला हवीच होती, असे माझे स्पष्ट मत आहे.

तिची स्वतःची प्रतिमा याहून फार वेगळी होती. तिच्या नाण्यांवर बाकदार नाक आणि ठसठशीत हनुवटी दिसते, तर इजिप्तमधील डेंडेराच्या मंदिराच्या मागील भिंतीवर ती पुत्र सिझेरियनसह देवतांना नैवेद्य अर्पण करते. पाश्चात्त्य कलेतही एक अपवाद आहे. आफ्रिकी व मूळनिवासी वंशाच्या अमेरिकन शिल्पकार एडमोनिया लुईस यांनी १८७६च्या फिलाडेल्फिया प्रदर्शनात संगमरवरी क्लिओपात्रा मांडली. तीही मृतच आहे, मान एका बाजूला कललेली आहे. पण ती सिंहासनावर बसली आहे.