ट्रकने रस्त्याचा खरा खर्च भरायला लावला तर माल रेल्वेवर जाईल का? आणि तसं करणं योग्य आहे का?

आधीच सांगतो, मी काही अर्थशास्त्राचा माणूस नाही. निफाड तालुक्यात एका कांदा व्यापाऱ्याच्या खळ्यावर सहा वर्षं हिशोब लिहायचो, बिल्ट्या (ट्रकने पाठवलेल्या मालाच्या पावत्या), काटा पावत्या, हमाली, ड्रायव्हरची खर्ची सगळं माझ्याच वहीत. त्यामुळे तुम्ही विचारलंय की रेल्वे एवढी स्वस्त म्हणतात तरी माल ट्रकनेच का जातो आणि ट्रककडून रस्त्याचा खरा खर्च वसूल करावा का, आणि केला तर महागाई वाढेल का, तर वसुलीबद्दल माझं उत्तर हो, करावा. पण आत्ता टोल आणि डिझेलच्या टॅक्समधून जसा करतात तसा नाही, आणि नुसता ट्रकचाच हिशोब सरळ करून भागणार नाही.

आमच्या खळ्यासमोर गाडी भरून निघाली की तिच्या मागच्या कमानीचे पाटे बघायचे. माल बरोबर असेल तर थोडा बाक शिल्लक राहतो, जास्त झाला की पाटे सरळ होतात आणि कधीकधी उलटे वाकतात. आमचा एक म्हातारा हमाल काट्यावर जायच्या आधीच नुसतं पाट्यांकडे बघून सांगायचा, ही दोन टनाने वर आहे, आणि पावती आली की तसंच निघायचं. ती गाडी खळ्यातून निघून मुंबई-आग्रा हायवेला लागेपर्यंत गावच्या रस्त्याने जायची, त्या रस्त्याला ना टोल ना काटा. पावसाळ्यानंतर तिथे जे काय व्हायचं ते शाळेत सायकलने जाणाऱ्या पोरांना विचारा.

आता हे वजनाचं प्रकरण लोकांना वाटतं तसं सरळ नाही. अमेरिकेत इलिनॉय राज्यात १९५८ ते १९६० मध्ये मुद्दाम रस्ते बांधून त्यावर दोन वर्षं ट्रक गोलगोल फिरवले आणि मोजलं, तर निघालं असं की एका ॲक्सलवर (दोन्ही बाजूची चाकं जोडणारा आडवा दांडा) जेवढं वजन त्याच्या साधारण चौथ्या घाताने रस्ता झिजतो. म्हणजे वजन दुप्पट तर झीज सोळापट. आपल्याकडे जुलै २०१८ मध्ये चार टायरवाल्या सिंगल ॲक्सलची मर्यादा १०.२ टनांवरून ११.५ टन केली, ऐकायला १.३ टन वाढलं, टक्क्यात पावणेतेरा, पण चौथा घात काढा, त्या ॲक्सलने होणारी झीज ६० टक्क्यांच्या वर वाढते. आणि तुमची छोटी कार धरा ॲक्सलला अर्धा टन, भरलेला ट्रक दहा टन, वीसपट. वीसचा चौथा घात एक लाख साठ हजार. मी पहिल्यांदा कॅल्क्युलेटरवर केलं तेव्हा मला वाटलं शून्य जास्त दाबलं गेलं.

आणि टोल किती? २००८ च्या नियमात नॅशनल हायवेचे मूळ दर होते कारला किलोमीटरला ६५ पैसे, दोन ॲक्सलच्या ट्रकला २ रुपये २० पैसे, चार ते सहा ॲक्सलवाल्याला ३ रुपये ४५ पैसे. दर नंतर वाढत गेले, पण कार आणि मोठ्या गाडीतलं प्रमाण तेच, पाचपट-सव्वापाचपट. आता कारवाल्याने फुकट जावं असं मी म्हणत नाही, जमीन, पूल, लेन हे सगळं कारसाठी पण लागतंच, आणि सुट्टीच्या दिवशी घाटात तुंबतात त्या कारच. पण डांबर कोण उखडतं आणि पैसे कोण देतं याचा मेळ नाही एवढं खरं.

डिझेलवर टॅक्स आहे ना मग, असं ट्रकवाले म्हणतात, आणि भरतात बिचारे खूप. पण गंमत बघा, दोन-चार टन जास्त भरले तर डिझेल थोडंसंच जास्त लागतं, म्हणजे टनामागे टॅक्स उलट कमी पडतो. जास्त भरणाऱ्याला सवलतच झाली की! ओव्हरलोडचा दंड २०१९ पासून वीस हजार आणि वर प्रत्येक टनाला दोन हजार आहे, पण दंड पकडल्यावर लागतो. आणि दोष ड्रायव्हरचा किंवा एका गाडीच्या मालकाचा असतो असंही नाही हो. भाडं टनावर ठरतं आणि ते इतकं पाडलेलं असतं की बरोबर वजन नेलं तर त्याचा हप्ता निघत नाही. भाडं पाडणारे कोण? आम्हीच. माझ्याच वहीत आहे ते. त्यात अपघात धरलेच नाहीत मी, २०२२ साली देशात रस्त्यावर १ लाख ६८ हजार माणसं गेली, सगळी ट्रकखाली नाही अर्थात, पण तो खर्च कुठल्याच बिल्टीवर लिहिलेला नसतो.

मग रेल्वेने का नाही पाठवत? पाठवायचो की. लासलगाव, निफाड, खेरवाडी इथून कांद्याच्या रेक जातात, २०२० च्या लॉकडाउनमध्ये तर इथून कांदा रेल्वेने थेट बांगलादेशात गेला. पण रेक म्हणजे ४२ डबे, पंधरा-सोळाशे टन कांदा, म्हणजे साठेक ट्रकचा माल एका दमात गोळा करायचा. एकट्या मध्यम व्यापाऱ्याच्या बसची गोष्ट नाही, चार-पाच जण मिळून करायचे. एकदा आमची रेक रात्री लागली आणि त्या दिवशी गावात लग्न, हमालांची टोळी अर्धीच आली, भरायला दिलेले तास संपले आणि डेमरेज म्हणजे उशिराचा दंड सुरू, चूक आमचीच होती पण शेठचा चेहरा मला अजून आठवतो. तिकडे उतरल्यावर मालधक्क्यापासून मार्केटपर्यंत परत ट्रक, परत हमाली, गोणी चारदा उचलली की कांदा सोलतो. ट्रकचं तसं नाही, फोन केला, दुपारी भरला, तिसऱ्या दिवशी आडत्याच्या दारात. हा फरक नुसत्या टोलने मिटत नाही.

आणि दुसरी गोष्ट लोक विसरतात. तुमच्या रेल्वे तिकिटावर छापलेलं असतं बघा, प्रवासाच्या खर्चाच्या सरासरी ५७ टक्केच रेल्वे वसूल करते. बाकीचं कोण भरतं? बराचसा मालगाडी. कोळसा, सिमेंट, धान्य यांच्या भाड्यातून आपण पॅसेंजर स्वस्तात फिरतो. म्हणजे एकीकडे ट्रक स्वतःच्या खर्चापेक्षा कमी भरतो आणि दुसरीकडे मालगाडी स्वतःच्या खर्चापेक्षा जास्त भरते, आणि मग आपण म्हणतो मार्केटने ठरवलं. १९५१ च्या सुमाराला देशातला ८५ टक्क्यांच्या वर माल रेल्वेने जायचा, आता तीस टक्क्यांच्या आत आलाय. याला रस्ते झाले, कारखाने पांगले अशी खरी कारणं आहेतच, पण हा वाकडा हिशोबही त्यात आहे. त्यामुळे माझ्या मते ट्रकवर जे वाढवाल त्याच वेळी मालगाडीच्या भाड्यातून पॅसेंजरचा बोजा काढा आणि तो सरकारने उघडपणे बजेटमधून द्यावा. एकच बाजू केली तर नुसती भाडेवाढ होईल.

स्वित्झर्लंडने हे केलंय. २००१ पासून तिथे जड ट्रकला वजन, किलोमीटर आणि धूर या तिन्हीवर पैसे लागतात, परदेशी गाडीलाही. आणि त्यातला मोठा वाटा त्यांनी रेल्वेचे बोगदे खणण्यात घातला, गोट्टहार्डचा मोठा बोगदा २०१६ मध्ये सुरू झाला. आल्प्स ओलांडणारे ट्रक २००० साली वर्षाला १४ लाखांच्या आसपास होते ते पुढे दहा लाखांच्या खाली आले. म्हणजे दांडका आणि पर्याय दोन्ही दिले. आपल्याकडेही टोलनाक्यांवर चालत्या गाडीचं वजन घेणारे काटे बसलेत, फास्टॅग आहे, वजनावर टोल लावणं आता काही रॉकेट सायन्स नाही.

मधला मार्गही आहे. कोकण रेल्वेने १९९९ मध्ये रो-रो सुरू केलं, कोलाड ते वेर्णा, भरलेला ट्रकच वॅगनवर चढवायचा, ड्रायव्हर-क्लीनर गाडीसोबतच. घाट वाचला, डिझेल वाचलं, टायर वाचले, माल परत उतरवायची भानगड नाही. कांद्याला असं काही मिळालं असतं तर आमच्या शेठने पहिला नंबर लावला असता. किसान रेल आली होती, ७ ऑगस्ट २०२० ला देवळाली ते दानापूर पहिली सुटली, भाज्या-फळांना भाड्यात निम्मं अनुदान होतं तोवर लोकांनी वापरली, अनुदान गेलं तशी ती आटली.

राहिला महागाईचा प्रश्न, तोही तुम्ही विचारलाय. समजा २५ टनांच्या गाडीला खेपेमागे पाच हजार जास्त लागले, तर किलोला वीस पैसे. खाणाऱ्याला कळणारसुद्धा नाही. ८ डिसेंबर २०२३ ला निर्यातबंदी आली तेव्हा लिलावात भाव कसा आपटला ते ज्याने पाहिलंय त्याला वीस पैशांचं काय वाटणार! पण मला खटकतं ते वेगळंच. व्यापारी लिलावात बोली लावतो तेव्हा भाडं आधीच मनात वजा करून बोलतो, मी शेजारी उभा राहून पाहिलंय. किलोला वीस पैसे म्हणजे क्विंटलला वीस रुपये, ते तो पाटण्याच्या आडत्याकडून मागायच्या आधी ट्रॅक्टरवर बसलेल्या शेतकऱ्याच्या भावातून काढेल. यावर माझ्याकडे पक्कं उत्तर नाही, कुणाकडे असेल तर खाली लिहा.