शेक सुरू होण्याआधी प्लॅन मुंबईला का जातो?

प्रश्न : माझ्या ६८ वर्षांच्या वडिलांना प्रोस्टेटचा कॅन्सर आहे. नागपूरच्या डॉक्टरांनी त्यांना किरणोपचाराच्या (ज्याला आम्ही शेक म्हणतो) एका क्लिनिकल ट्रायलमध्ये, म्हणजे रुग्णांवरील उपचार-चाचणीत घेतले. सीटी स्कॅन होऊन आठवडा झाला, पण ‘प्लॅन मुंबईला तपासायला गेला आहे’ असे सांगून अजून शेक सुरू केलेला नाही. त्याआधी एकदा पोटात गॅस आहे म्हणून स्कॅन न करताच परत पाठवले होते. मुंबईवाल्यांचा आमच्या डॉक्टरांवर भरवसा नाही, की मशीनमध्येच दोष आहे? 
— एक वाचक, ता. दारव्हा, जि. यवतमाळ

उत्तर : तुमच्या पत्रावरून या दोन्हींपैकी कोणतीही शंका घेण्याचे कारण मला दिसत नाही. ट्रायल अनेक रुग्णालयांत एकाच वेळी चालत असेल, तर नागपूरला दिलेले ६० ग्रे आणि मुंबईला दिलेले ६० ग्रे खरोखर सारखे असावे लागतात, आणि डॉक्टर कितीही अनुभवी असले तरी ती खात्री मोजूनच करावी लागते. ग्रे म्हणजे शरीरात शोषल्या गेलेल्या किरणांच्या मात्रेचे एकक.

हा काटेकोरपणा कशासाठी, हे ब्रिटनमधील ‘चिप’ या ट्रायलवरून समजते. २००२ ते २०११ या काळात तीत ३,२१६ पुरुष सहभागी झाले. एका गटाला ३७ सिटिंगमध्ये ७४ ग्रे, दुसऱ्याला २० सिटिंगमध्ये ६० ग्रे आणि तिसऱ्याला १९ सिटिंगमध्ये ५७ ग्रे देण्यात आले. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार पाच वर्षांनंतर आजार पुन्हा न बळावलेल्यांचे प्रमाण अनुक्रमे ८८.३, ९०.६ आणि ८५.९ टक्के होते. ६० ग्रेचा उपचार ७४ ग्रेच्या जुन्या पद्धतीपेक्षा कमी पडत नाही हे सिद्ध झाले; ५७ ग्रेबाबत तसे म्हणता आले नाही. या दोन गटांत फरक होता तो अवघा ३ ग्रेचा, म्हणजे पाच टक्क्यांचा. एखाद्या रुग्णालयाचे मशीन पाच टक्के कमी मात्रा देत असते, तर कागदावर ६० लिहिलेल्या रुग्णाला प्रत्यक्षात ५७ मिळाले असते आणि ते कोणाच्या लक्षातही आले नसते. साडेसात आठवड्यांऐवजी चार आठवड्यांत उपचार संपणे ही ऐन कापूस वेचणीत घर सोडून नागपुरात राहणाऱ्या कुटुंबासाठी किती मोठी गोष्ट आहे, ते तुम्हाला सांगायला नको.

म्हणूनच अशा ट्रायलमध्ये रुग्ण घेण्यापूर्वी केंद्राची परीक्षा होते. शरीरासारख्या प्लास्टिकच्या नमुन्यात मात्रामापक ठेवून त्यावर किरण सोडतात आणि मोजलेली मात्रा संगणकाच्या हिशेबाशी ताडून पाहतात. पुढची पायरी प्रत्यक्ष रुग्णाच्या प्लॅनची, म्हणजे किरण नेमके कुठे आणि किती द्यायचे या आराखड्याची तपासणी, आणि तुमचे वडील सध्या तिथेच आहेत. डॉक्टर सीटीच्या एकेका कापावर प्रोस्टेटची, म्हणजे मूत्राशयाखालच्या ग्रंथीची कड हाताने आखतात. ग्रंथीचे खालचे टोक सीटीवर भोवतालच्या स्नायूंपासून नीट वेगळे दिसत नाही, त्यामुळे दोन निष्णात डॉक्टरांच्या रेषांतही काही मिलिमीटरचा फरक पडतो; म्हणूनच ही आखणी मुंबईला दुसऱ्या नजरेखालून घातली जाते. रेष आत आली तर आजाराचा भाग सुटण्याची भीती असते. बाहेर गेली तर मागच्या गुदाशयाला जास्त किरण लागून पुढे शौचातून रक्त जाण्याचा त्रास होऊ शकतो. अशी चूक शेक सुरू होण्याआधी सापडली तर दुरुस्त होते, सगळ्या सिटिंग संपल्यावर सापडली तर तिची केवळ नोंद उरते. माझ्या मते आधीची तपासणी हा ट्रायलमधील रुग्णाला मिळणारा फार मोठा लाभ आहे.

गॅसमुळे तुमची एक खेप वाया गेली याचे मला वाईट वाटते, तरीही परत पाठवण्याचा निर्णय योग्यच होता. गुदाशय प्रोस्टेटला मागून अगदी लागून असतो; तो फुगला की प्रोस्टेट पुढे सरकते, आणि त्या स्थितीतला स्कॅन आधाराला धरला असता तर तीच चूक प्रत्येक सिटिंगला सोबत आली असती.

प्रोस्टेटचा कॅन्सर बहुधा संथ वाढतो, त्यामुळे एका आठवड्याच्या विलंबाने सहसा नुकसान होत नाही. तरीही तपासणीचा निकाल केव्हा येईल आणि हार्मोनचे इंजेक्शन चालू असल्यास तोवर ते चालू ठेवायचे का, हे डॉक्टरांना स्पष्ट विचारावे. ट्रायलमधून केव्हाही बाहेर पडण्याचा वडिलांना हक्क आहे आणि त्यानंतरही नेहमीचा उपचार त्यांना मिळालाच पाहिजे.

शेक सुरू झाल्यावर रोज शौचास जाऊन, आणि मूत्राशय भरलेले राहावे म्हणून सांगितलेले पाणी सांगितलेल्या वेळी पिऊन त्यांनी मशीनवर जावे. लघवी धरवली नाही आणि ते जाऊन आले, तर संकोच न करता टेक्नॉलॉजिस्टला सांगावे. पुन्हा पाणी पिऊन थोडे थांबता येते.